भरल्या नावेचा पंखा

उकंडराव मिस्त्रींच्या दुकानात गेलं की ते ‘या, बसा’ म्हणत नसत. हातातलं काम न थांबवता विचारायचे, “ओझं केवढं?” कूलर बनवून घ्यायला आलेला माणूस गोंधळून जायचा. त्याला वाटायचं, कूलरचं वजन विचारतात. मग मिस्त्री समजावायचे, “खोली केवढी हाये, खिडक्या किती, झोपणारे किती? ओझं सांगा, मंग पंखा सांगतो.”

हे वाक्य आर्वीत बसस्टँडपासून बाजार समितीपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. पोरं त्यांची नक्कलही करायची. एकदा एकानं मुलीसाठी आलेल्या स्थळाबद्दल मिस्त्रींचं मत विचारलं, तेव्हा त्यांनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून विचारलं, “घरात माणसं किती हायेत?” “अकरा.” “मंग पोरगा दिसाले कसा हाये हे काऊन सांगून राह्यला? ओझं उचलते का नाई थे पाहा.”

मी हे लिहायला बसलो त्याला कारण आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी त्यांच्याबद्दल एका सरकारी कागदावर एक वाक्य लिहिलं. ते दुरुस्त करायचं आहे. पण नुसतं वाक्य दुरुस्त केलं तर मिस्त्री कोण होते ते कळणार नाही, म्हणून आधी ते.

माझी आर्वीकडच्या एका धरणावर शाखा अभियंता म्हणून बदली झाली तो एप्रिल होता. मे महिन्यात घरातला कूलर घरघरायला लागला. वारा कमी, आवाज जास्त. मी मोठ्या शहरातून कॉलेज करून आलेला माणूस. मला वाटलं, पंखा लहान पडतो. बाजारातून जास्त तिरप्या पात्यांचा नवा पंखा आणून बसवला. दोन दिवसांत मोटर जळाली. कोणीतरी मिस्त्रींना घेऊन आलं.

खाकी पँट, वर बनियन, कानाला पेन्सिल. आल्या आल्या त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर आणि मूठ कानाला लावली. मोटर जळलेली होती, बंद होती, तरी त्यांनी ऐकलं.

“काय म्हणते?” मी थट्टेनं विचारलं.

“म्हणते, मले काऊन मारलं?”

आमची ही आत स्वयंपाकघरात हसली. मिस्त्रींनी मी बसवलेला पंखा काढला, त्याच्या तिन्ही पात्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. “साहेब, पंखा तिरपा असला का वारा जास्त फेकते, हे खरं. पण थो फेकाले ताकद कोण देईन? ही एवढीशी मोटर. तिले फिरू तर द्या. मोटर आपल्या चालीनं फिरली पाह्यजे. पंख्यानं तिचा गळा धरला का मंग ती तापते, रडते अन् जाते.”

नवी मोटर बसवून त्यांनी पात्यांचा कोन हातानं थोडा उतरवला, डोळ्यानं मोजला, पुन्हा उतरवला. मग कूलर सुरू करून समोर बसले आणि खर्रा घोटायला घेतला. चहा आला तर बाजूला ठेवला. त्यांचा एक नियम होता. खर्रा पुरता घोटून होईपर्यंत मशीन विनातक्रार चाललं तरच चहा. ती त्यांची चाचणीची वेळ होती. चहा बहुतेक वेळा गारच प्यायचे, आणि बशीतून प्यायचे.

तेव्हापासून धरणावरच्या पंपांचं काम मी त्यांनाच द्यायला लागलो. मिस्त्री तरुणपणी सिंदी रेल्वे या गावी कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. तिथे पट्टे, चाकं, पंखे, सगळं फिरणारं त्यांनी हाताळलं होतं. शिक्षण सातवी. पण पंपावर भार जास्त पडला तर आतलं चाक लेथवर किती घासायचं हे ते पंपाच्या आवाजावरून सांगत, आणि मी नंतर पुस्तकात पाहून हिशेब केला तर तो तेवढाच निघे. मला याचं कौतुक होतं, आणि थोडा रागही होता. तो राग मी तेव्हा स्वतःपाशीसुद्धा कबूल केला नव्हता.

मग आमच्याकडे नाव आली. पुरात अडकलेल्यांना काढायला अॅल्युमिनियमची नाव, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन, इंजिनाखाली तीन पात्यांचा पंखा. चालवायला डोमाजी होता. डोमाजी भोई समाजाचा, लहानपणापासून जाळं टाकणारा. तिसऱ्याच दिवशी मी हौसेनं सुकाणू हातात घेतलं. डोमाजी म्हणत होता, “साहेब, इकडे नका नेऊ, खाली जुन्या बाभळी हायेत.” धरण भरलं तेव्हा बुडालेली झाडं होती ती. मी नेली. खट्ट आवाज झाला आणि पंख्याची तिन्ही पाती वाकली.

नवा पंखा आणायचाच होता. माहितीपुस्तिका पाहून मी ठरवलं, आणायचाच तर जास्त वेगाचा आणू. नावेसोबत आलेला पंखा अकरा पिचचा होता. मी पंधराचा मागवला. पिच म्हणजे काय ते सोपं आहे. स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जितका आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात पाण्यात कागदोपत्री जितके इंच पुढे जाईल ते त्याचं पिच. पंधरा म्हणजे अकरापेक्षा जास्त पुढे. कागदावर तर तसंच होतं.

तो पंखा आणायला नागपूरला जीप गेली तेव्हा पंपाच्या सामानासाठी मिस्त्रीही सोबत होते. परतताना ड्रायव्हरनं केळझरला गणपतीपुढे नव्या पंख्याच्या नावानं नारळ फोडला. खोबरं खात आम्ही पुढे निघालो. मिस्त्रींनी खोक्यावरचा आकडा वाचला. मग खिडकीतून हात बाहेर काढला.

“पाहा साहेब.”

त्यांचा तळहात जमिनीशी समांतर होता. जीप जोरात होती, पण हात स्थिर. “आता वारा घसरून राह्यला.” त्यांनी तळहात थोडा तिरपा केला. हात वर उचलला गेला. “आता वारा उचलून राह्यला.” आणखी तिरपा केला, आणि हात झटक्यानं मागे गेला. खांद्यातून. “अन् आता वारा हात मोडून राह्यला. वारा तोच, हात तोच. हे जे मधलं हाये ना, थे सापडलं पाह्यजे.”

“जीप अजून जोरात असती तर?” मी म्हणालो.

“थे हाताचं झालं. पंख्याचं उलटं हाये, नाव जोरात पळाली तरच जास्त तिरपा चालते. पण तुमची नाव जोरात कधी राहीन? बाया, पोरं, बकऱ्या, गाठोडी भरून येईन थे. हा पंखा रिकाम्या नावेचा हाये, साहेब. भरली नाव या पंख्यावर म्हणजे जीप भरून तिसऱ्या गिअरमधी उचलनं. नाव पाण्यावर चढनार नाई, पाण्यातच रुतून चालन. इंजिन आपल्या चालीले पोचनार नाई. फिरायचंच नाई त्याले, नुस्तं ढकलायचं. मंग तापन.”

“मिस्त्री, हा कूलर नाही,” मी म्हणालो.

ड्रायव्हर हसला. मिस्त्रीही हसले. हात मात्र आत घेतला नाही; सेलूपर्यंत तो खिडकीबाहेर वाऱ्यात तिरपा-सरळ होत राहिला.

पंधरा दिवसांनी मोठे साहेब पाहणीला आले. नावेत ते, मी आणि डोमाजी. तिघांना घेऊन नाव बाणासारखी सुटली. साहेबांची टोपी उडाली, तरी ते खूश. “वेग चांगला आहे,” म्हणाले. मी काठावर उभ्या असलेल्या मिस्त्रींकडे जरा मुद्दामच पाहिलं. ते म्हणाले, “तिघं होते.” एवढंच.

त्या पावसाळ्यात ते ओझं आलं. वरच्या बाजूला खूप पाणी झालं आणि धरणाचा फुगवटा चढला. पलीकडच्या उंच वावरात निंदायला गेलेल्या बाया अडकल्या. दुपारची वेळ, पाऊस थांबलेला, पण पाणी चढत होतं. मी आणि डोमाजी निघालो. मिस्त्री पंपघरात होते. धावत काठाशी आले. “साहेब, पाच-पाच आना! दोन चकरा लागल्या तरी लागू द्या!”

तिथे नऊ बाया होत्या. पाणी वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागलं होतं. चार जणींना मागे ठेवायचं म्हटलं तर पहिली कोण आणि मागे कोण? मी सगळ्यांना घेतलं. त्याबद्दल मी आजही स्वतःला दोष देत नाही. दोष पंख्याचा होता, म्हणजे माझा. नाव मागून बसली, नाक वर झालं, आणि तशीच पाणी रेटत चालली. डोमाजीनं थ्रॉटल पूर्ण दिला. आवाज मात्र वाढेना. जाड, दाबलेला आवाज. मध्यावर आलो आणि इंजिन एकदा कुरकुरून गप्प झालं. पिस्टन तापून सिलिंडरमध्ये घट्ट अडकला होता.

वल्ही दोनच होती. बायांनी टोपल्यांनी, हातांनी पाणी मारायला सुरुवात केली. त्यांच्यात एक म्हातारी होती. ती टोपलीनं पाणी मारता मारता मला म्हणाली, “वा रे बाप्पा! नाव सरकारची अन् हात आमचे!” सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. आम्ही पाऊण मैल खाली, एका पळसाच्या रांगेपाशी लागलो. तिथे दोर घेऊन मिस्त्री आधीच उभे होते. काठाकाठानं चिखलातून धावत आले होते. नंतर म्हणाले, “आवाजावरून समजलं का हे मधात बसते. मंग म्हटलं, धार कुठं नेईन?”

त्यांनी तेव्हा ‘मी सांगतलं होतं’ म्हटलं नाही. नंतरही कधी नाही. मी वाट पाहत होतो. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

इंजिनात नवा पिस्टन त्यांनीच बसवला. मग स्टोअरमधला तो वाकलेला, बाभळीवर आपटलेला अकराचा पंखा मागून घेतला. चार दिवस त्यांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत त्यांनी पाती गरम करून, सागाच्या ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीनं सरळ केली, आणि सरळ करताना थोडी आणखी उतरवली. कडा कानशीनं घासल्या. मग आरीच्या दोन पात्यांवर दांडा ठेवून पंखा तोलला. जे पातं खाली यायचं ते किंचित घासायचं, पुन्हा तोलायचं. पंखा कुठेही सोडला तरी तिथेच थांबायला हवा. मी एकदा डोकावलो तेव्हा ते श्वास रोखून त्याकडे पाहत होते. पंखा थांबला. त्यांनी माझ्याकडे न पाहता म्हटलं, “आता हा कोन्याच बाजूचा नाई.”

रिकामी नाव काठाकाठानं चालवून पाहिली. टोकाचा वेग कमी झाला होता, पण इंजिन मोकळं फिरत होतं, आवाज वर चढून तिथे गात होता. भरून पाहायचं दुसऱ्या दिवशी ठरलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या चौकशीला खात्याचे दोघं आले.

नाव काठावर ओढलेली. इंजिन उचललेलं. त्यांच्यातल्या एकानं पंख्यावर बोट फिरवलं. कानशीच्या खुणा लख्ख दिसत होत्या.

“हे काय आहे? हे कोणी केलं?”

“स्थानिक मिस्त्रीनं,” मी म्हणालो.

“कधी?”

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात होतं. नंतर. इंजिन बंद पडल्यानंतर. मी ते दिलं नाही. मी म्हणालो, “अहवालात सगळं देतो.” त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, त्यांना जे समजायचं होतं ते समजलं, आणि मी ते समजू दिलं.

मिस्त्री दहा पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, आणि खिशातून खर्रा काढून घोटायला घेतला. शांतपणे. मग त्या दोघांना म्हणाले, “साहेब, एक विनंती हाये. नाव भरून पाहा. धा मानसं बसवा. मी इथले मजूर आनतो.”

“त्याची गरज नाही,” मीच म्हणालो.

त्यांची बोटं थांबली. खर्रा तसाच प्लास्टिकात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवला आणि चालत बसच्या रस्त्याकडे गेले. मशीन पुढ्यात असताना अर्धवट घोटलेला खर्रा त्यांनी ठेवून दिलेला मी त्या एकाच वेळी पाहिला.

अहवालात मी लिहिलं: ‘इंजिनात बिघाड झाला असून स्थानिक मिस्त्रीने पंख्यामध्ये अनधिकृत फेरफार केल्याचे आढळून आले.’ या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. बिघाड झाला होता. फेरफार केला होता. खोटा होता तो क्रम. पंधराच्या पंख्याचं नाव अहवालात कुठेच नव्हतं.

मिस्त्रींचं धरणावरचं काम बंद झालं. आर्वी लहान गाव. सरकारी इंजिन मिस्त्रीनं खाल्लं, असं पसरायला आठवडा पुरला. पंपवाले दुसरीकडे जायला लागले. मिस्त्री कूलर बनवत राहिले. अहवालावरून हुकूम आला की नावेला कंपनीचा नवा पंखा बसवावा. तो मी बसवला नाही. मिस्त्रींचाच राहू दिला, कारण मला माहीत होतं की तोच बरोबर आहे. पुढच्या पावसाळ्यात डोमाजीनं त्या पंख्यावर बारा-बारा माणसं काढली. इंजिन एकदाही कुरकुरलं नाही. हे मी मिस्त्रींना कळवलं नाही. वर्षभरानं माझी बदली झाली.

आमच्या घरचा तो कूलर मात्र चालतच राहिला. वर्ध्याला घर बांधलं, तिथेही आला. दर मे महिन्यात ही म्हणायची, “मिस्त्रींना एकदा दाखवून घ्या. माणूस किती चांगला होता.” एका वर्षी मी तो चालू कूलर विकून नवा आणला. हिनं कारण विचारलं नाही, पण दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली.

ही गेल्यानंतर घरात बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा ते वाक्य जास्त ऐकू यायला लागलं. मी खात्याला अर्ज लिहिला. काय आधी झालं, काय नंतर, कोणता पंखा कोणी निवडला, सगळं. दीड महिन्यानं उत्तर आलं: सदर प्रकरणाचे अभिलेख मुदतीनंतर नियमानुसार नष्ट करण्यात आलेले आहेत, सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही.

मी अर्जाची प्रत घेतली आणि आर्वीची बस धरली.

दुकान तिथेच होतं. बाहेर कूलरच्या जाळ्या उन्हात रचलेल्या, वाळ्याचा वास. मिस्त्री ऐंशीच्या पुढचे, वाळलेले, पण बनियन आणि कानाची पेन्सिल तीच. मान वर न करता म्हणाले, “ओझं केवढं?”

“बरंच आहे,” मी म्हणालो.

त्यांनी आवाज ओळखला. उठले. “साहेब? या, बसा.” मला त्यांनी पहिल्यांदाच बसायला सांगितलं.

मी कागद पुढे केला. माफीची वाक्यं वाटेत पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना. त्यांनी चष्मा शोधला, एक काच फुटलेला, आणि वाचायला लागले. ओठ हलवत, सावकाश. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. दुसऱ्या पानावर ते थांबले. कानावरची पेन्सिल काढली.

“हे चूक हाये.”

मी विचारलं, “कोणतं?”

“तुमी लिवलं, मिस्त्रीने पंखा दहा पिचवर आणला. दहा नाई, साडेनऊ. धाले अर्धा कमी.” त्यांनी ‘दहा’ खोडून वर ‘साडेनऊ’ लिहिलं. “बरं, रेकॉर्ड सुधारून राह्यले तर पुरं सुधारा. आनखी एक हाये. आपन रिकामी नाव चालवून पाह्यली, त्या दिवशी सुरुवातीले नाव थरथरत होती. आठवते?”

“हो. तुम्ही म्हणालात, शेवाळ अडकलं.”

“शेवाळ कायचं! तिसरं पातं एक सूत कमी घासलं गेलतं. माही चूक. तुमच्यासमोर सांगाची लाज वाटली, म्हून शेवाळाचं नाव घेतलं. काढला, तथीच दगडावर घासला, पुन्हा लावला.” त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. “लिवा.”

“मिस्त्री, याची काय गरज...”

“काऊन नाई? तुमचं लिवलं, माहं बी लिवा.”

मी लिहिलं. मग खात्याचं उत्तर दाखवलं. ते वाचून मिस्त्री इतके हसले की खोकला लागला. “म्हणजे फाईलच नाई? जळाली? बाप्पा बाप्पा! एवढे दिवस मी ज्या कागदावर चोर होतो, थो कागदच नाई जगात!” आत वळून त्यांनी बायकोला हाक मारली, “अवो, चहा ठेव. मी सुटलो!”

चहा आला. त्यांनी गरम गरम प्यायला. मग कप खाली ठेवला. “एक राहून गेलं, साहेब. थो पंखा मी भरल्या नावेवर कधी पाह्यला नाई. लोक सांगत, मस्त चालते. पण मी पाह्यला नाई ना.”

खात्यानं ती नाव केव्हाच मोडीत काढली होती. पण डोमाजीला मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, “इंजिन गेलं साहेब, पंखा कुठं जाते? लिलावात आमीच घेतला. आमच्या मासोळीच्या नावेले तोच हाये. दुसरं इंजिन, पन पंखा मिस्त्रीचा.”

आठ दिवसांनी, सकाळी, आम्ही धरणावर गेलो. डोमाजी आता आजोबा झालेला. त्यानं मासेमारीचे दहा जण जमवले, वर जाळी आणि बर्फाचे डबे. मिस्त्री काठावर वाकून, पंखा पाण्याबाहेर होता तेव्हा त्याच्या तिन्ही पात्यांवरून अंगठा फिरवत राहिले. कडा वाळूनं झिजल्या होत्या. “तिन्ही सारखे झिजले,” म्हणाले. त्यांना त्याचा फार आनंद झाला होता.

ते मागे, इंजिनाजवळ बसले. स्क्रूड्रायव्हर त्यांनी आणला होता. टोक इंजिनावर, मूठ कानाला. डोमाजीनं थ्रॉटल दिला. नाव क्षणभर बसली, मग नाक खाली आलं आणि ती पाण्यावर चढली. तेरा माणसं, जाळी, बर्फ, सगळं घेऊन. इंजिनाचा आवाज वर गेला, मोकळा झाला, आणि तिथेच टिकला. मी मिस्त्रींकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते. दुसऱ्या हाताने त्यांनी खिशातून खर्रा काढला, स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवला आणि घोटायला घेतलं.

पलीकडच्या काठापर्यंत आणि परत. खर्रा घोटून झाला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि डोमाजीला म्हणाले, “आता चहा दे बाप्पा.”

मिस्त्री गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच, असं कळलं. अर्जाची ती प्रत, त्यांच्या पेन्सिलीच्या दुरुस्तीसह, माझ्याजवळ आहे. खात्यात लावायला तिच्यासाठी फाईल नाही, म्हणून ती इथे लिहून काढली. साडेनऊ पिच. तिसरं पातं सुरुवातीला एक सूत चुकलं होतं, ते त्याच दिवशी त्यांनी सुधारलं. बाकी सगळी चूक माझी.

नाव भरून पाहिली त्या दिवशी धरणावरून आम्ही वेगळे झालो. मला वर्ध्याची गाडी होती, त्यांना आर्वीची. त्यांची एसटी आधी आली. खिडकीजवळची जागा मिळाली त्यांना. गाडी सुटली आणि त्यांनी हात बाहेर काढला. माझ्या शेजारी उभा असलेला डोमाजी उलट हात हलवायला लागला. त्याला वाटलं, मिस्त्री निरोप देतात. मी हात वर केला नाही. एसटी वेग घेत होती, आणि तो म्हातारा तळहात वाऱ्यात थोडा तिरपा, थोडा सरळ, पुन्हा तिरपा होत, वळणापर्यंत दिसत राहिला.